बोरो मॅच, पण कुणाच्याच बाजूने नाही: सोलापूरहून सॉल्ट लेकपर्यंत

मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्याला कोलकात्यातली माणसं ‘बोरो मॅच’ म्हणतात, मोठा सामना. सोलापुरातून आम्ही काही फुटबॉलवेडे जमेल तेव्हा तो पाहायला जातो. दोन्ही क्लबांशी आमचं कुळाचं, गावाचं, भाषेचं काही नातं नाही. त्यामुळे घरचे आणि मित्र एकच विचारतात: कुणाच्याच बाजूचे नसाल, तर इतक्या लांब मरायला जाता कशाला?

सामना पूर्ण बघायला मिळतो, म्हणून जातो. समर्थकाचा निम्मा वेळ घड्याळाकडे बघण्यात आणि नवस बोलण्यात जातो. आपला गोल झाला की पुढची पाच मिनिटं मैदानात काय चाललंय ते त्याला दिसतच नाही. ज्याला हरण्या-जिंकण्याचं काही नाही, त्याला दोन्ही गोलरक्षक, दोन्ही बचावफळ्या आणि दोन्ही बाजूंची गर्दी असं सगळं दिसतं. मात्र या तटस्थपणाची व्यवस्था आधी करून ठेवावी लागते. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये तटस्थांचा स्टँड नसतो. तिकीट काढलं की तुम्ही कुणाच्या तरी मध्ये जाऊन बसणार, हे ठरलेलं. मनातली तटस्थता सांभाळायची तर तिकीट, कपडे, पिशवी, जायची वेळ आणि परतीची वाट यांचा विचार सोलापूर सोडण्याआधीच झालेला हवा.

पहिलं काम म्हणजे कोणती डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन संघांचा सामना, पाहायची ते ठरवणं, कारण वर्षात एकच सामना होतो असं नाही. कलकत्ता लीग, ड्युरँड कप, इंडियन सुपर लीग, सुपर कप, कधी आयएफए शील्ड अशा वेगवेगळ्या स्पर्धांत हे दोन संघ समोरासमोर येतात आणि प्रत्येकाची किंमत वेगळी. कलकत्ता लीगमध्ये क्लब अनेकदा राखीव फळीतली, तरुण पोरं उतरवतात. जोश तोच, पण मोठे परदेशी खेळाडू दिसतीलच असं नाही. मैदानही बदलतं. 2025 च्या जुलैमधली लीग डर्बी कोलकात्यात नव्हे, नदिया जिल्ह्यातल्या कल्याणीला झाली. सुपर कप तर दुसऱ्याच राज्यात भरतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला आमचा सल्ला एकच असतो, की ड्युरँडची बाद फेरी किंवा आयएसएलचा सामना धरा, आणि तोही सॉल्ट लेकला, म्हणजे विवेकानंद युवा भारती क्रीडांगणात असेल तरच. बाद फेरीत हरणाऱ्याचा खेळ त्या रात्रीच संपतो. तो ताण साखळी सामन्यात येत नाही.

तारखेवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. 18 ऑगस्ट 2024 चा ड्युरँडमधला सामना आदल्या दिवशी रद्द झाला. आर. जी. कर रुग्णालयात एका डॉक्टर तरुणीवर झालेल्या बलात्कार आणि खुनानंतर शहरात आंदोलनं पेटली होती आणि सामन्याला पुरेसे पोलीस देता येत नव्हते. त्या संध्याकाळी दोन्ही क्लबांचे समर्थक एकत्र येऊन स्टेडियमबाहेर निषेधाला उभे राहिले. कोलकात्यात फुटबॉल म्हणजे काय, हे त्या दृश्याइतकं दुसऱ्या कशानेच कळत नाही. पुढे जानेवारी 2025 मध्ये गंगासागर मेळ्याच्या बंदोबस्तामुळे आयएसएलची डर्बी थेट गुवाहाटीला गेली. आपल्याकडे सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत शहर पोलिसांकडे दुसऱ्या मोठ्या बंदोबस्ताला माणसं कुठून येणार? तिथेही तेच. म्हणून जानेवारीचा मध्य, दुर्गापूजेचे दिवस आणि निवडणुकांचा काळ यांत तारीख जाहीर झाली तरी ती पक्की धरू नये. परत न मिळणारं हॉटेलचं बुकिंग करू नये. रेल्वेचं आरक्षण करावं, कारण ते रद्द केलं तर थोडे पैसे कापून बाकीचे मिळतात.

सोलापूरहून हावड्याला जायचा आमचा सरावाचा मार्ग सिकंदराबादवरून आहे. हावडा-सिकंदराबाद फलकनुमा एक्सप्रेस सोयीची पडते. सिकंदराबादहून दुपारी निघाली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती हावड्याला पोचते. इथे चूक होते ती जोडगाडीत. सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या सगळ्या गाड्या सिकंदराबाद स्टेशनला जात नाहीत. काही नामपल्लीला जातात, काहींचा लिंगमपल्ली किंवा बेगमपेटला थांबा असतो. तिकीट काढताना स्टेशनाचं नाव नीट वाचावं आणि दोन गाड्यांमध्ये निदान चार तास ठेवावेत. दोन वेगळ्या तिकिटांवर प्रवास असेल आणि पहिली गाडी उशिरा पोचून दुसरी चुकली, तर दुसरीचे पैसे सहसा गेलेच. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, आणि बाद फेरीतली डर्बी ठरते जेमतेम चार-पाच दिवस आधी. तेव्हा ड्युरँडसाठी जायचं तर तत्काळची तयारी ठेवावी, नाहीतर पुणे किंवा हैदराबादहून विमान. सोलापूरहून पुणे रस्त्याने अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या आसपास. भाडं बघून ठरवायचं.

प्रवासात शेंगाचटणी, कडक भाकरी, धपाटे सोबत असतातच. स्टेडियमच्या गेटवर मात्र डबा बाहेर राहतो, म्हणून सामन्याच्या दिवशी ते मुक्कामावरच संपवून निघायचं.

मुक्काम कुठे करायचा याचं उत्तर आता सोपं झालंय. मेट्रोची हिरवी मार्गिका ऑगस्ट 2025 पासून हावडा मैदान ते सेक्टर फाइव्ह अशी सलग धावते. हावडा, एस्प्लनेड, सियालदह आणि सॉल्ट लेक स्टेडियम ही चारही स्टेशनं याच मार्गिकेवर आहेत. एस्प्लनेड किंवा सियालदहच्या चालण्याच्या अंतरात राहिलं की टॅक्सीची गरज पडत नाही. एस्प्लनेडचा आणखी एक फायदा म्हणजे ‘मैदान’ नावाच्या शहरातल्या मोठ्या मोकळ्या जागेवरचे दोन्ही क्लबांचे तंबू जवळ पडतात. मोठे ऐतिहासिक क्लब, पण त्यांच्या मैदानावरच्या ठाण्याला तिथे तंबूच म्हणतात. सामन्याच्या आदल्या दिवशी दोन्हीकडे चक्कर मारावी. तिकिटाच्या रांगेतली चर्चा, भिंतीवरचे फोटो, म्हाताऱ्या सभासदांची भांडणं यांतून दुसऱ्या दिवशीच्या आरोळ्यांचा अर्थ लागायला लागतो. मोहन बागान 1889 चा. 1911 मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 ने हरवून त्याने आयएफए शील्ड जिंकलं, आणि त्या संघातले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. ईस्ट बंगाल 1920 चा. पूर्व बंगालच्या खेळाडूंना डावललं जातं या रागातून तो जन्मला. पुढे फाळणीत घरदार सोडून आलेल्या लाखो माणसांना या शहरात आपलं म्हणता येईल असं जे थोडं सापडलं, त्यात हा क्लब होता. दोन क्लबांची पहिली गाठ 1921 मध्ये कूचबिहार कपात पडली. इतक्या पिढ्यांचा हा हिशेब आहे. परक्याने तो ऐकून घ्यावा, त्यात स्वतःचं मत घालू नये.

आता तिकीट. सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. ऑनलाइन विक्री सुरू झाली की चांगल्या जागा पटकन संपतात. बराचसा कोटा सभासदांकडे जातो. ऑनलाइन पैसे भरल्यावर मोबाइलवर जे येतं, ते कोलकात्यात अनेकदा प्रवेशाचं तिकीट नसतं. ते दाखवून ठरलेल्या खिडकीवर छापील तिकीट घ्यावं लागतं आणि त्यासाठी फोटो ओळखपत्र लागतं. ही खिडकी कधी स्टेडियमवर, कधी क्लबाच्या तंबूवर असते, आणि सामन्याच्या दिवशी ती लवकर बंद होऊ शकते. त्यामुळे सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी शहरात असणं भाग आहे. त्याच दिवशी संध्याकाळी पोचणारी गाडी चालत नाही. ज्याच्या नावावर बुकिंग आहे त्यानेच खिडकीवर जावं. चौघांचं तिकीट एकाच्या नावावर असेल आणि नेमका तोच आला नाही, तर बाकीचे तिघे बाहेर. बाहेर काळ्याबाजारात तिकीट घेऊ नये. बनावट तिकिटाचा बारकोड गेटवर चालत नाही आणि तोपर्यंत विकणारा गायब असतो.

जागा निवडताना स्टेडियमची रचना लक्षात घ्या. सॉल्ट लेकला मैदानाभोवती अ‍ॅथलेटिक्सचा ट्रॅक आहे, त्यामुळे पहिली रांगसुद्धा मैदानाच्या कडेच्या रेषेपासून बरीच लांब पडते. खालच्या रांगांतून पलीकडची बाजू चपटी दिसते. दोन खेळाडूंमधलं अंतर कळतच नाही. गोलमागच्या वळणावर बसलं तर लांबच्या गोलजवळ काय झालं ते आरडाओरड्यावरून समजून घ्यावं लागतं. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर रांग वरची घ्या, पण बाजू मैदानाच्या लांबीची घ्या. मधल्या किंवा वरच्या मजल्यावरून, मध्यरेषेच्या जितकं जवळ तितकं चांगलं. ऑगस्टमध्ये जात असाल तर पुढच्या रांगांवर पावसाची झड येते हेही धरा.

यानंतर प्रश्न बाजूचा. कोणता ब्लॉक कोणत्या समर्थकांना, हे सामन्यागणिक बदलतं आणि तिकीटविक्रीच्या वेळी जाहीर होतं. दरवेळी नव्याने वाचा. गेल्या वेळचं लक्षात ठेवून काढलेलं तिकीट चुकीच्या बाजूला नेऊन बसवतं. आमची पद्धत अशी की, ज्या बाजूला बसायला मिळेल त्या बाजूचे पाहुणे म्हणून वागायचं. दोन्हीकडचे लोक परगावच्या माणसाला प्रेमाने वागवतात, अट एवढीच की त्यांच्या दुःखात टाळ्या वाजवू नयेत. समोरच्या संघाने सुंदर गोल केला तरी हात मांडीवरच ठेवायचे. कौतुक मुक्कामावर जाऊन करायचं.

हे शिस्तीचं इतकं का, ते 16 ऑगस्ट 1980 मुळे. ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या लीग सामन्यात मैदानावरच्या धसमुसळेपणाचे पडसाद गॅलरीत उमटले. दोन्ही बाजूंचे प्रेक्षक एकत्र बसलेले होते. मारामारी झाली, पळापळ झाली, चेंगराचेंगरीत 16 जणांचा जीव गेला. फुटबॉल बघायला गेलेली माणसं घरी परतली नाहीत. कोलकात्यात 16 ऑगस्टला आजही फुटबॉलप्रेमी दिवस पाळून त्यांची आठवण काढतात. ब्लॉक वेगळे, गेट वेगळे, येण्याजाण्याचे रस्ते वेगळे, या सगळ्याकडे बाहेरून आलेल्याने त्या 16 जणांना आठवून बघावं. पोलिसाने लांबचा वळसा घालायला लावला तर हुज्जत न घालता चालत राहावं.

कपड्यांचा नियम सोपा आहे. लाल, पिवळा, सोनेरी नको, तो ईस्ट बंगालचा. हिरवा आणि मरून नको, तो मोहन बागानचा. राखाडी, आकाशी किंवा भारतीय संघाचा निळा चालतो. टोपी आणि रुमालसुद्धा तपासून घ्या. हौसेने दोन्ही क्लबांचे अर्धे-अर्धे रंग असलेला स्कार्फ कुणी विकत असेल तर घरी आठवण म्हणून घ्यायला हरकत नाही, पण गळ्यात घालून आत जाऊ नये. दोन्ही बाजूंना तो चेष्टा वाटतो.

पिशवी नेऊच नका. पाण्याची बाटली, पॉवर बँक, हेडफोन, लायटर, छत्री, सुटी नाणी, सेल्फी स्टिक, काठी असलेला झेंडा, यातलं काहीही गेटवर अडू शकतं, आणि बाहेर सामान ठेवायची खात्रीची सोय नसते. नाण्यापर्यंत तपासणी का, याचं उत्तर 9 डिसेंबर 2012 च्या आय-लीग सामन्यात आहे. गॅलरीतून आलेल्या वस्तूने मोहन बागानचा रहीम नबी जखमी झाला. दुसऱ्या अर्धात मोहन बागान मैदानात उतरलाच नाही आणि सामना तिथेच संपला. खिशात एवढंच ठेवा: छापील तिकीट, ओळखपत्र, मोबाइल, नोटा, मेट्रोचं कार्ड आणि पावसाळा असेल तर घडी करून मावणारा पातळ रेनकोट. पाणी आत विकत मिळतं, त्यासाठी दहा-वीसच्या नोटा वेगळ्या ठेवा. आत नेटवर्क बसतं, ऑनलाइन पैसे जातीलच याचा भरवसा नाही.

पाण्याबद्दल आम्हा सोलापूरकरांना मुद्दाम सांगायला हवं. आपला उन्हाळा कोरडा. घाम येतो आणि उडून जातो. कोलकात्याच्या दमट हवेत तो अंगावरच राहतो, शरीर थंड होत नाही आणि तहान उशिरा कळते. चाळीस अंशांची सवय असलेली माणसं तिथे बत्तीस अंशांत गळून जातात. स्टेडियमकडे निघण्याआधी अर्धा-पाऊण लिटर पाणी पिऊन घ्यावं, जमल्यास मीठ-साखर घालून.

सामना संध्याकाळी सातचा असेल तर साडेचारपर्यंत स्टेशनवर उतरलेलं बरं. रस्त्याने यायचं असेल तर ईएम बायपासवर झेंडे लावलेल्या मॅटाडोर आणि दुचाकींच्या रांगांत अडकायची तयारी ठेवा. मेट्रोने सॉल्ट लेक स्टेडियमला उतरल्यावर गर्दी नेईल तिकडे जाऊ नये. तिकिटावरचा गेट क्रमांक वाचून पोलिसाला विचारावं, कारण उलट्या बाजूने गेलात तर या अवाढव्य स्टेडियमला अर्धा वळसा पडतो, तोही दुसऱ्या समर्थकांच्या लोंढ्यातून. सगळ्यांनी मिळून बाहेरची एक खूण आधीच ठरवून ठेवावी. साठ हजार माणसांत सामना सुटल्यावर फोन लागत नाहीत.

वाटेत पंचवीस जण तरी विचारतील, ‘कोन टीम?’ खोटं बोलू नये आणि हुशारीही दाखवू नये. ‘महाराष्ट्रो थेके एशेछी, खेला देखबो’ (महाराष्ट्रातून आलोय, खेळ बघणार) एवढं म्हटलं की चेहरे उजळतात आणि पुढची दहा मिनिटं तुम्हाला कोणत्या क्लबाने काय काय पराक्रम केले त्याची उजळणी ऐकायला मिळते. ईस्ट बंगालवाला 1975 च्या शील्ड अंतिम सामन्यातला 5-0 सांगणारच. ऐकण्यासारखं असतं ते.

संघ सामन्याच्या तासभर आधी जाहीर होतात. नेटवर्क बसायच्या आत त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, कारण ट्रॅकपलीकडून पाठीवरचे आकडे दिसतात, चेहरे दिसत नाहीत. सराव सुरू झाला की गोलरक्षकांकडे बघा. कोण उंच चेंडू पंजाने ठोसतो आणि कोण पकडतो हे तिथेच कळतं, आणि रात्री कॉर्नरच्या वेळी त्याचा उपयोग होतो.

खेळ सुरू झाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं निकालाचा अंदाज बांधू नये. आवाज एवढा असतो की बचावपटूंना गोलरक्षकाची हाक ऐकू जात नाही. सगळा कारभार हातवाऱ्यांवर चालतो. चूक करायची भीती दोन्हीकडे सारखी, म्हणून चेंडू मागून लांब टोलवला जातो आणि मधली फळी नुसती मान वर करून पळत राहते. या वेळात चेंडूवरून नजर काढून दोन्ही फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, किती पुढे उभे आहेत ते पाहावं. जो संघ आधी फुलबॅकला पुढे सोडायचं धाडस करतो, सामना त्याच्या हातात जायला लागतो, आणि त्याच्या पाठीमागची मोकळी जागाही तिथेच तयार होते.

13 जुलै 1997 चा फेडरेशन कपाचा उपांत्य सामना या दृष्टीने आजही अभ्यासण्यासारखा आहे. याच स्टेडियमवर एक लाख एकतीस हजारांवर माणसं होती. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या ‘डायमंड’ रचनेची तेव्हा सगळीकडे चर्चा होती. पी. के. बॅनर्जींच्या ईस्ट बंगालने 4-1 ने सामना काढला आणि बायचुंग भुतियाने हॅटट्रिक केली. पुढे सरसावून खेळणाऱ्या संघाच्या पाठीमागे वेगवान आघाडीपटूला पळायला रान मिळालं की काय होतं, त्याचा तो धडा होता. आता तेवढी गर्दी मावणार नाही. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकासाठी खुर्च्या बसवल्यानंतर क्षमता सुमारे 68 हजारांवर आली, तिकिटांची ओढाताण वाढली त्यामागे हेही कारण आहे. त्या विश्वचषकाचा अंतिम सामना इथेच झाला. भारतीय संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, हे कोलकात्यात शेजारच्याला सांगितलं की गप्पांना लगेच धागा मिळतो.

साठाव्या मिनिटानंतर बदली खेळाडूंवर लक्ष ठेवा. पाच बदल मिळतात, पण खेळ थांबवून करायच्या संधी तीनच. डर्बीत पिवळं कार्ड मिळालेला मध्यरक्षक लवकर बाहेर घेतला जातो. दमट हवेत सत्तराव्या मिनिटापासून पायात गोळे यायला लागतात आणि मधल्या फळीतली अंतरं वाढतात. तोवर बरोबरी असेल तर सामना बहुधा इथून पुढेच फुटतो. या वेळी भेळपुरीला उठू नये.

एवढं लांब जायच्या आधी तालीम करायची असेल तर कोल्हापूर आहेच. मंगळवेढा, सांगोला, मिरजमार्गे चार-साडेचार तासांत शाहू स्टेडियम गाठता येतं. केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) हंगामात पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी, खंडोबा या संघांपैकी दोघांचा सामना बघितला, की पेठेपेठेची ईर्ष्या, वेगळ्या बसलेल्या गर्दीत परक्याने कसं वागायचं आणि निघायचं कधी, हे सगळं कमी खर्चात शिकून होतं. तिथे मैदान जवळ आहे, बुटाचा आवाज ऐकू येतो. खेळ बघायला काही बाबतींत तेच जास्त चांगलं, असं आमचं मत आहे.

परतीचा हिशेब मध्यंतरातच करून टाकावा. शेवटच्या मेट्रोची वेळ आधी पाहून ठेवलेली असावी. बाद फेरीत बरोबरी झाली तर काही स्पर्धांत थेट पेनल्टी असतात, काहींत आधी 30 मिनिटांचा जादा वेळ, त्यामुळे अर्धा-पाऊण तास वर धरावा. शिट्टी झाल्या झाल्या उठू नये. हरलेली बाजू पहिल्या दहा मिनिटांत तडक बाहेर पडते आणि तेव्हा जिन्यांवर सगळ्यात जास्त रेटारेटी होते. वीस मिनिटं जागेवर बसून राहिलं की जिना मोकळा मिळतो आणि जिंकलेल्यांचा जल्लोषही बघून होतो. मग सॉल्ट लेक स्टेडियम स्टेशनवर न जाता उलट दिशेने बंगाल केमिकलपर्यंत चालत जायचं. सेक्टर फाइव्हकडून येणारी गाडी आधी तिथे थांबते, त्यामुळे डब्यात शिरायला मिळतं. पुढच्या स्टेशनवर तीच गाडी ठासून भरते. सियालदहपर्यंत सामन्याची चर्चा दोन्ही रंगांत चालू असते. ईस्ट बंगाल जिंकला असेल तर दुसऱ्या दिवशी बाजारात इलिशला (हिलसा), मोहन बागान जिंकला असेल तर चिंगडीला (कोळंबी) मागणी येते. मासे खाणाऱ्यांनी त्याप्रमाणे दुपारचं जेवण ठरवावं.

त्याच रात्रीच्या गाडीचं आरक्षण करू नये. फलकनुमा हावड्याहून सकाळी सुटते. सामना रविवारी असेल तर सोमवार शहरासाठी ठेवून मंगळवारी सकाळी निघावं. बुधवारी सकाळी सिकंदराबाद, तिथून दुपारची गाडी धरली तर रात्रीपर्यंत सोलापूर. म्हणजे कामावर गुरुवारी. रजेचा अर्ज करताना तेवढे दिवस धरूनच करावा.